कातळसड्यावर डेटा सेंटर: जमिनीचा भाव नंतर, आधी विजेचा कागद

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, पुण्याचा पुतण्या बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या शेडमध्ये बिटकॉइन मायनिंगची दहा जुनी मशीन्स लावतो म्हणतो, तर शेड द्यावी का? दुसरी, राजापूरच्या समुद्राकडच्या तुमच्या गावात एक एजंट साठ एकर सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, मागतो आहे. पन्नास मेगावॉटचे 'एआय डेटा सेंटर' येणार, दोन हजार नोकऱ्या, धूर नाही, सांडपाणी नाही, असे तो सांगतो. मग गावच्या लाईटचे, पाण्याचे आणि हापूसच्या कलमांचे काय होईल?

पुतण्याला नाही म्हणा. एजंटला नाही म्हणायची घाई नको, पण जमिनीच्या भावावर एक अक्षर बोलण्याआधी त्याच्याकडे विजेचा कागद, म्हणजे वीजजोडणीच्या अर्जाची प्रत, मागा. तो का मागायचा आणि त्यात काय पाहायचे, ते सविस्तर लिहितो.

मी नवी मुंबईत, ऐरोली-महापे पट्ट्यात, डेटा सेंटरची वीज आणि कूलिंग सांभाळतो. सर्व्हरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या संगणकांच्या, आत काय चालते ते दुसऱ्यांचे काम. त्याला अखंड लाईट देणे आणि त्याची उष्णता बाहेर काढणे हे आमचे. गाव गुहागर तालुक्यात, त्यामुळे 'मोठा प्रकल्प येतोय' म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसांना काय काय आठवते ते वेगळे सांगायला नको.

आधी पुतण्याचे. त्याने कळवलेले मॉडेल, अँटमायनर एस-१९, ९५ टेराहॅशचे, सव्वातीन किलोवॉट वीज घेते आणि चोवीस तास घेते. म्हणजे दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २,३४० युनिट, एका मशीनला. हे मशीन एकच काम करते: शा-२५६ नावाची एक आकडेमोड सेकंदाला ९५ लाख कोटी वेळा करून नंबर लागतो का ते पाहत राहते. साऱ्या जगात मिळून साधारण दर दहा मिनिटांना एकाचा नंबर लागतो. एप्रिल २०२४ पासून त्याचे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे, त्याआधी ते दुप्पट होते. म्हणजे जगभरातल्या सगळ्या मशीन्सना मिळून दिवसाला सुमारे ४५० बिटकॉइन. मशीन्स वाढली म्हणून बक्षीस वाढत नाही. साधारण दर दोन आठवड्यांनी नंबर लागणे आपोआप तितके अवघड केले जाते.

२०२५ मध्ये जगातल्या सगळ्या मशीन्सची एकत्रित गती हजार एक्झाहॅशच्या (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) घरात गेली. त्या गर्दीत ९५ टेराहॅशचा वाटा काढला तर महिन्याला साधारण ०.००१३ बिटकॉइन हाती येतात. एका बिटकॉइनचा भाव उदारपणे एक कोटी रुपये धरला तरी हे झाले तेरा हजार रुपये. वीज युनिटला दहा रुपयांनी मिळाली असे धरा, बिल २३,४०० रुपये. घरगुती मीटरवर चालवायचा विचार असेल तर पाचशे युनिटच्या वरच्या टप्प्यात वहन आकार धरून दर पंधरा रुपयांच्या पुढे जातो, मग बिल पस्तीस हजार. शिवाय घरगुती जोडणीवर धंदा चालवला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शेडला औद्योगिक दर लागेल असेही गृहीत धरू नका. काजू फोडणे हा उद्योग होता, हे नाही.

पुतण्या म्हणेल, नवे मशीन घेऊ. एस-२१ घ्या, २०० टेराहॅश, साडेतीन किलोवॉट. त्याच भावाने महिन्याला सत्तावीस हजार मिळतील आणि दहा रुपये दराने पंचवीस हजारांची वीज जाईल. दीड-दोन हजार सुटले असे वाटते ना? इथे आयकर येतो. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यातून मायनिंगचा वीजखर्च वजा करता येत नाही. सत्तावीस हजारांवर आठ हजारांच्या वर कर भरायचा, मग तोटाच उरतो. टेक्सासमध्ये किंवा पॅराग्वेत हे परवडते, कारण तिथे वीज आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. आपल्याकडे हे फक्त आकडा टाकून परवडते, आणि त्याला वीजचोरीचे कलम १३५ आहे.

दहा मशीन्स म्हणजे एक्झॉस्ट फॅनसह पस्तीसेक किलोवॉट. तुमच्या वाडीची डीपी ६३ केव्हीएची असेल तर तिचा निम्म्याहून जास्त दम ही शेड रात्रंदिवस खाईल. संध्याकाळी सात वाजता सगळ्या घरांत पंखे-टीव्ही लागले की व्होल्टेज पडेल आणि गाव लाईनमनला शिव्या घालेल. आवाजाचेही बघा. एक मशीन ७५ डेसिबलच्या आसपास आवाज करते आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. टेक्सासमधल्या ग्रॅनबरी गावचे लोक याच घरघरीमुळे वैतागून भांडायला उभे राहिले. बाकी आपली हवा. ही मशीन्स बाहेरची हवा सरळ अंगावर ओढून घेतात. खाडीकाठच्या खाऱ्या, ओल्या हवेत त्यांच्या बोर्डांचे काय होते ते पाहायचे असेल तर तुमच्याच घराच्या खिडकीचे गज पाहा.

आणि कोणी 'तुम्ही फक्त पैसे गुंतवा, मशीन आम्ही चालवतो, महिन्याला दहा टक्के घ्या' म्हणाला तर त्याला पाणी विचारून वाटेला लावा. गेनबिटकॉइन प्रकरणात नेमके हेच आश्वासन होते आणि त्यात महाराष्ट्रातले पुष्कळ लोक बुडाले. पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली ती २०१८ मध्ये, पैसे त्याआधीच गेले होते.

आता साठ एकरांचे.

डेटा सेंटरला लोक इमारत समजतात. आमच्या लेखी ती आधी एक वीजजोडणी असते, तिच्याभोवती नंतर भिंती उभ्या राहतात. याचा पुरावा अमेरिकेतच मिळाला. जून २०२४ मध्ये कोअर सायंटिफिक या बिटकॉइन मायनिंगच्या कंपनीने कोअरवीव्ह या एआयच्या कंपनीशी बारा वर्षांचे करार केले, सुमारे २०० मेगावॉटचे. मायनिंगची मशीन्स एआयच्या कामाला येत नाहीत, ती भंगारात जातात. शेडही जवळजवळ नव्याने बांधावी लागते. मग विकले काय? तर ग्रिडमधून मंजूर झालेली वीज. नवी जोडणी मिळवायला जी वर्षे लागतात ती वाचवण्याचे पैसे होते ते. म्हणून ज्या एजंटकडे जमिनीचा नकाशा आहे पण विजेचा कागद नाही, त्याच्याकडे अजून डेटा सेंटर नाही. त्याच्याकडे फक्त जमीन विकत घेण्याची इच्छा आहे.

पन्नास मेगावॉट म्हणजे किती ते बघू. एक मेगावॉट अखंड चालला तर दिवसाला २४ हजार युनिट, महिन्याला ७ लाख २० हजार. गावाकडचे घर महिन्याला शंभर युनिट जाळते असे धरले तर एका मेगावॉटमध्ये सात हजारांवर घरे चालतात. पन्नास मेगावॉट म्हणजे साडेतीन लाख घरे. तुमच्याकडच्या ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात पाच किंवा दहा एमव्हीएची रोहित्रे असतात, तिथून हा लोड निघणे शक्यच नाही. तो महापारेषण या सरकारी वीजवहन कंपनीच्या ११० किंवा २२० केव्हीच्या जाळ्यातूनच घ्यावा लागेल, तोही दोन वेगळ्या दिशांनी. एकाच वाहिनीवर विसंबलेले डेटा सेंटर कोणी ग्राहक भाड्याने घेत नाही.

एजंट म्हणाला म्हणे, 'जयगड जवळ, अंजनवेल जवळ, पोफळीला कोयना, विजेला काय तोटा?' दिव्याखाली अंधार ही म्हण कोकणातल्या विजेसाठीच केली असावी. जयगडच्या कोळशावरच्या वीज प्रकल्पात १,२०० मेगावॉट आहेत खरे, पण ती वीज ४०० केव्हीच्या वाहिन्यांनी कोयना-कराडकडे वर घाटावर जाते. वाटेत कोणाच्या सड्यावर ती उतरवायची तर कोट्यवधींचे उपकेंद्र लागते. अंजनवेलला कागदावर १,९६७ मेगावॉट आहेत, पण तो गॅसवरचा कारखाना आहे आणि गॅस परवडला तरच चालतो. एन्रॉनच्या काळात तो २००१ मध्ये बंद पडला तेव्हा भोवतालच्या गावांच्या लाईटमध्ये त्याने काही फरक पडला नव्हता, कारण त्याची वीज गावांना कधी थेट आलीच नव्हती. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट असली तरी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, म्हणून ती मुख्यतः सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी चालवतात. डेटा सेंटरला पहाटे तीन वाजताही तितकीच वीज लागते. जैतापूरचे नाव निघाले तर हसून सोडून द्या. तिथे अजून अणुभट्टी उभी नाही.

तुमच्या गावची लाईट मंद होईल का? डेटा सेंटरची वाहिनी वेगळी, वरच्या दाबाची असेल तर नाही, तुमच्या अकरा केव्हीच्या फीडरशी तिचा संबंध येत नाही. उलट नवे उपकेंद्र झाले आणि त्यातून गावासाठी ११ केव्हीचा एखादा फीडर काढून घेता आला तर लाईट सुधारेलही. पण हे करारात लिहून घ्यावे लागते. उपकेंद्राला जागा देणाऱ्या गावाला त्याच उपकेंद्राची वीज आपोआप मिळत नाही.

याहून मोठा प्रश्न विजेच्या तारांच्या टॉवरचा आहे, आणि तो कोणीच विचारत नाही. २२० केव्हीच्या वाहिनीखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. वाहिनी वीस किलोमीटर लांब असेल तर हिशेब करा: सत्तर हेक्टर, म्हणजे पावणेदोनशे एकर. एजंट साठ एकरांचा भाव करतो आहे आणि त्याच्या तिप्पट जमीन टॉवरच्या तारांखाली जाणार आहे. ती तुमच्या गावची नसेलही, पलीकडच्या तीन-चार गावांतल्या कोणाच्या तरी कलमांची असेल. त्यांच्याकडून कोणी खरेदीखत करत नाही, त्यांना नुकसानभरपाई मिळते. सातबारा त्यांच्याच नावावर राहतो, पण त्या पट्ट्यात वाढलेले हापूसचे झाड ठेवता येत नाही. ग्रामसभेत हा विषय काढाल तेव्हा त्या गावांनाही बोलवा. साठ एकरवाले आणि टॉवरवाले पुढे एकमेकांशी भांडतात आणि कंपनी बाजूला उभी राहून बघते, हे मी दुसरीकडे पाहिले आहे.

एआयचा लोड मायनिंगसारखा नसतो, हेही लक्षात घ्या. मायनिंग चोवीस तास एका रेषेत चालते आणि वीज महाग झाली की क्षणात बंद करता येते. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२३ च्या उष्म्यात रायट या कंपनीला मशीन्स बंद ठेवून ग्रिडला वीज सोडल्याबद्दल ३ कोटी १७ लाख डॉलरची जमा मिळाली होती, त्या महिन्यात तिने बिटकॉइनमधून कमावले त्याहून जास्त. एआयचे मॉडेल शिकवताना मात्र हजारो चिप एकदम गणित करतात, मग एकमेकींशी आकडे जुळवायला थांबतात, पुन्हा एकदम सुरू होतात. विजेचा काटा काही सेकंदांत कित्येक मेगावॉट खालीवर होतो. त्यातच व्होल्टेज जरा हलले की अख्खे डेटा सेंटर स्वतःला ग्रिडपासून तोडून यूपीएसवर आणि मग जनरेटरवर जाते. १० जुलै २०२४ ला अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये एका २३० केव्ही वाहिनीवरच्या बिघाडानंतर सुमारे १,५०० मेगावॉट डेटा सेंटर लोड असा एकदम सुटला होता. आपल्याकडे वळवाच्या पावसात घाटातल्या वाहिन्या किती वेळा ट्रिप होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे कोकणासारख्या अशक्त जाळ्यावर असा लोड टाकताना महापारेषणचा अभ्यास अहवाल नुसता असून भागत नाही, तो वाचावा लागतो. आणून दिलात तर मी वाचेन.

'धूर नाही' हे खोटे आहे. पन्नास मेगावॉटसाठी दोन-अडीच मेगावॉटचे पंचवीस-तीस डिझेल जनरेटर रांगेने उभे असतात. ते रोज चालत नाहीत, पण चाचणीला चालवावेच लागतात आणि लाईट गेली की सगळे एकदम चालतात. तेव्हा तासाला बारा हजार लिटरच्या वर डिझेल जळते. एक दिवसाचा साठा म्हणजे तीन लाख लिटर. त्याला नागपूरच्या पेसो या स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेच्या केंद्रीय कार्यालयाचा परवाना लागतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात काही गावांत कित्येक आठवडे लाईट नव्हती, रस्त्यांवर झाडे आडवी होती. अशा वेळी साठ्यातले डिझेल एक-दोन दिवसांत संपते आणि टँकर पोचत नाही. हा धोका गावाला नाही, कंपनीला आहे. पण चांगली कंपनी हा प्रश्न स्वतःहून बोलून दाखवते, आणि समोरचा किती खरा आहे ते कळायला तेवढे पुरते.

पाण्याचा प्रश्न इतक्या सरळ उत्तराचा नाही, म्हणून जरा थांबतो. सर्व्हरमध्ये गेलेली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर येते. ती बाहेर टाकण्याच्या दोन पद्धती. कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडवून थंड करायचे, किंवा मोठ्या पंख्यांनी कोरड्या कॉइलवरून हवा फिरवायची. पहिली पद्धत वीज वाचवते आणि पाणी पिते. एक मेगावॉट उष्णता बाष्पीभवनाने घालवायला दिवसाला साधारण ३६ हजार लिटर पाणी उडून जाते. पन्नास मेगावॉटला अठरा लाख लिटर, शिवाय टॉवरमध्ये साठलेला क्षार काढायला सोडून द्यावे लागते ते पाणी वेगळे. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने अठरा लाख लिटर म्हणजे बत्तीस हजार माणसांचे पाणी. जिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही मेमध्ये वाडीवर टँकर येतो, तिथे हे पाणी कुठल्या नदीतून, कुठल्या बोअरमधून येणार? 'सांडपाणी नाही' म्हणणाऱ्या एजंटला कूलिंग टॉवरचे क्षाराचे पाणी कुठे सोडणार तेही विचारा. सड्यावर सोडले तर ते जांभ्यातून झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत जाईल.

बरे, एवढे पाणी पिऊनही ही पद्धत कोकणात धड चालत नाही. हवेत आधीच दमटपणा असल्यावर पाणी उडणार किती? मे-जूनमध्ये आमच्याकडे वेट बल्ब तापमान, म्हणजे पाणी उडवून जास्तीत जास्त जितके गार करता येते ते, २७-२८ अंशांवर जाते, मग टॉवरमधून पाणी तीस अंशांच्या खाली येतच नाही. फिनलंडमध्ये हामिना इथे गूगल समुद्राच्या थंड पाण्याने डेटा सेंटर गार करते, ते ऐकून कोणी 'समुद्र आहे की आपल्याकडे' म्हणेल. आपला समुद्र वर्षातला बराच काळ २७ ते ३० अंशांचा असतो. शिवाय किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाचे निर्बंध, आहे, आणि गरम पाणी खाडीत सोडले तर मच्छीमारांशी गाठ आहे.

पण इथेच एक गोष्ट कोकणाच्या बाजूची आहे. जुन्या पद्धतीच्या रॅकला, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाला, सात-आठ किलोवॉट वीज लागते आणि ते थंड हवेने गार करतात. एआयचा नवा रॅक, ७२ चिपचा, १२० किलोवॉटच्या घरात जातो. तो हवेने गार होतच नाही, चिपवर धातूची पट्टी बसवून तिच्यातून द्रव फिरवावा लागतो. त्या द्रवाला बर्फगार असण्याची गरज नसते, चाळीस अंशांच्या आसपासचाही चालतो. आणि कोकणात उन्हाळ्यातही पारा सहसा ३५-३६ च्या फार वर टिकत नाही. म्हणजे बहुतेक उष्णता कोरड्या कूलरमधून, पाणी न उडवता, चिलर म्हणजे पाणी गार करणारे मोठे यंत्रही न चालवता बाहेर टाकता येते. चंद्रपूरच्या ४६ अंशांत हे जमणार नाही, राजापुरात जमेल. म्हणून एजंटला नुसते 'पाणी किती' विचारू नका. कूलिंग द्रवाचे की हवेचे, आणि शेवटची उष्णता कूलिंग टॉवरमधून जाणार की ड्राय, म्हणजे कोरड्या, कूलरमधून, ते विचारा. ड्राय कूलर म्हणाला तर करारात दिवसाच्या पाण्याची कमाल मर्यादा लिटरमध्ये घाला आणि मीटर ग्रामपंचायतीला दिसेल असा लावून घ्या. पाणी लागत नाही म्हणणाऱ्याला मर्यादा लिहून द्यायला अडचण नसावी.

खाऱ्या हवेने मात्र त्याची कसोटी लागेल. किनाऱ्यावरच्या कॉइलच्या ॲल्युमिनिअमच्या पात्या खास लेप नसेल तर काही पावसाळ्यांतच पांढऱ्या पडून झडू लागतात. ऐरोलीत आम्हाला खाडीच्या गाळातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा त्रास आहे, त्याने बोर्डावरची चांदी काळी पडते. तुमच्याकडे तो वायू कमी असेल, मीठ जास्त. समुद्रापासून दोन-चार किलोमीटर आत, उंच सड्यावर जागा असेल तर त्या मानाने बरे.

कलमांची काळजी तुम्ही उष्णतेच्या बाजूने केली आहे, ती तितकी नको. भर दुपारचे ऊन एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट पडते. पन्नास मेगावॉट म्हणजे साडेबारा एकरांवर पडणारे दुपारचे ऊन. ती उष्णता रात्रीही चालू राहते आणि एका जागेवरून वर जाते हे खरे, त्यामुळे कुंपणालगतच्या झाडांना झळ लागेल. पण वाऱ्यावर ती लवकर विरते, पलीकडच्या बागांचा मोहोर तिने जळणार नाही. कोळशाच्या प्रकल्पातून येणारी राख आणि सल्फर डायऑक्साइड यांची भीती वेगळी होती, ती इथे लागू नाही. बागांना खरा त्रास पाण्याचा, टॉवरच्या पट्ट्याचा आणि बांधकामाच्या धुळीचा. मोहोराच्या दिवसांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, खोदकाम आणि सुरुंग बंद ठेवायची अट मात्र जरूर घाला.

सड्यावर काहीही खोदण्याआधी कातळशिल्पे आहेत का ते पाहून घ्या. बारसू, देवाचे गोठणे ही तुमच्याच तालुक्यातली. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. गवताखाली, मातीखाली अजून किती आहेत ते गुराख्यांना विचारा, त्यांना कोणाहीपेक्षा जास्त माहिती असते.

नोकऱ्यांचे थोडक्यात. बांधकामाच्या दोन वर्षांत हजार-दोन हजार माणसे लागतील, त्यातली बहुतेक ठेकेदार बाहेरून आणेल. चालू झाल्यावर एवढ्या जागेत सगळ्या पाळ्या मिळून शे-दीडशे, त्यातले बरेच सुरक्षा आणि सफाईचे. गावातली मुले आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशनचा कोर्स करून आली तर त्यांना चांगले काम आहे, आमच्याकडे त्यांची कायम टंचाई असते. दोन हजार हा आकडा एजंटने कुठून काढला ते त्यालाच विचारा.

'सगळे सोलरवर चालणार' हेही तो म्हणाला असेल. साठ एकरांवर नुसते पॅनेलच पसरले तरी पंधरा मेगावॉटचे बसतील आणि वर्षाची सरासरी काढली तर तीन मेगावॉट देतील. पावसाळ्यात त्याहून कमी. हरित वीज घ्यायची तर सोलापूर-धाराशिवकडच्या प्रकल्पाशी करार करून ग्रिडमधून आणतात. ते ठीक आहे, पण रात्री जी वीज येते ती ग्रिडची असते आणि ग्रिडमध्ये अजून कोळसा आहे.

आता कागद. एजंटकडून तीन गोष्टी मागा आणि त्या मिळेपर्यंत विसार घेऊ नका, साठेखत तर मुळीच करू नका. एक, महापारेषणकडे जोडणीसाठी केलेल्या अर्जाची प्रत: किती मेगावॉट, कुठल्या उपकेंद्रातून, कुठल्या मार्गाने. दोन, पाण्याचा स्रोत आणि त्याची मंजुरी. तीन, शेवटी इमारत चालवणार कोण त्याचे नाव. एजंट नाही, एजंटची कंपनीही नाही. वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तिचा अर्ज सार्वजनिक असतो. त्यातला विजेचा, पाण्याचा आणि जनरेटरचा आकडा एजंटच्या बोलण्याशी ताडून पाहा. बहुतेक वेळा तिथेच सगळे उघडे पडते.

जागा देण्यासारखी ठरलीच तर मी विक्रीऐवजी भाडेपट्टा सुचवेन, आणि त्यात ठरलेल्या मुदतीत वीज चालू झाली नाही तर जमीन परत, हे कलम. कोकणात प्रकल्पाच्या नावाने घेऊन मोकळी पडलेली जमीन थोडी नाही. तुमच्या सड्याच्या सातबारावर बरीच सामाईक नावे असतील, त्यातले निम्मे चाकरमानी. एजंट त्यांना मुंबईत एकेकटे गाठेल. गणपतीत सगळे गावी येतात तेव्हाच बैठक घ्या आणि तोवर कोणी एकट्याने सही करायची नाही असे ठरवा. घरपट्टीत सवलत मागितली असेल तर ती किती वर्षांची तेही त्याच बैठकीत विचारा, कारण ग्रामपंचायतीच्या हाती पडण्यासारखे त्याहून मोठे उत्पन्न यात दुसरे नाही.

एजंटने इमारतीचा आराखडा दाखवला तर त्याचा फोटो पाठवा. त्यात रोहित्रे, जनरेटर आणि छतावरचे कूलर काढलेले असतात. ते मोजले की लोड खरोखर पन्नास मेगावॉट आहे की पाच, एवढे मी इथून सांगू शकतो.